पोर्शन संपला, पण कळलं किती? कॉलेजच्या वर्गातलं विद्यार्थीकेंद्री अध्यापन

कॉलेजचा तास म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. फळ्याजवळ प्राध्यापक बोलत असतात, पुढच्या दोन-तीन बाकांवरची मुलं भराभर लिहून घेत असतात आणि मागच्या बाकांवर मोबाईल चालू असतो. पोर्शन वेळेत संपतो. परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात नोट्ससाठी गर्दी होते, निकाल लागला की केटी किती राहिल्या याची मोजदाद सुरू होते. कोणाला किती समजलं, हे मात्र बहुतेक वेळा परीक्षेच्या हॉलमध्येच पहिल्यांदा तपासलं जातं.

ही तपासणी रोजच्या तासातच करायची आणि जे दिसेल त्यावरून पुढचं शिकवणं ठरवायचं, हा विद्यार्थीकेंद्री अध्यापनाचा गाभा आहे. नॅकच्या अहवालांत आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या चर्चेत हा शब्द सतत येतो. अनेक ठिकाणी तो कागदावरच राहतो. हा विचार आला कुठून, वर्गात तो कसा दिसतो, त्याने खरंच फरक पडतो का आणि आपल्याकडे गाडी कुठे अडते, याची ही माहिती.

लेक्चरची पद्धत आली कुठून?

‘लेक्चर’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘वाचणं’ असा होतो. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत पुस्तकं हाताने लिहिली जायची. ती इतकी महाग असत, की प्रत्येक विद्यार्थ्याकडे प्रत असणं शक्यच नव्हतं. म्हणून गुरुजी ग्रंथ मोठ्याने वाचत, त्यावर भाष्य करत आणि विद्यार्थी ते उतरवून घेत. पंधराव्या शतकात छपाई आली, पुढे पुस्तकं स्वस्त झाली, आता तर ती मोबाईलवर मिळतात. तरी वाचून दाखवणं आणि उतरवून घेणं चालूच राहिलं.

भारतात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर सुरू झाली. सुरुवातीला त्यांचं मुख्य काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं हे होतं, शिकवणं संलग्न कॉलेजांकडे होतं. म्हणजे अभ्यासक्रम एकाने ठरवायचा, शिकवायचं दुसऱ्याने आणि पेपर काढायचा तिसऱ्याने. या रचनेत शिकवणाऱ्याची पहिली जबाबदारी ‘नेमलेला भाग पूर्ण करणं’ ही झाली. आजही स्टाफरूममध्ये ‘किती झालं तुमचं?’ असं विचारलं, तर उत्तर युनिटच्या आकड्यातच मिळतं.

विचार कधी बदलला?

विद्यार्थी हा भरायचा रिकामा हंडा नाही, हे म्हणणं नवं नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनुभवातून शिकण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राशी त्यांचं थेट नातं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्युई तिथे त्यांचे प्राध्यापक होते. ड्युईंच्या विचारांचा ठसा आंबेडकरांच्या लोकशाहीविषयीच्या लेखनात दिसतो.

ब्राझीलचे पावलो फ्रेरे यांनी १९६८ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ या पुस्तकात रूढ शिक्षणाला बँकेची उपमा दिली. शिक्षक ज्ञानाच्या ठेवी जमा करतो आणि विद्यार्थी नुसती तिजोरी होऊन बसतो, अशी त्यांची टीका होती. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने नवं वैद्यकीय महाविद्यालय सुरू करताना वेगळी वाट धरली. आधी वर्षभर शरीररचनेची लेक्चर आणि मग रुग्ण, हा क्रम त्यांनी बाजूला ठेवला. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांच्यासमोर रुग्णाची केस ठेवायची आणि ती सोडवताना लागेल ते ज्ञान त्यांनी शोधायचं, अशी पद्धत त्यांनी आणली. समस्याधारित अध्ययन या नावाने ती पुढे जगभर पसरली.

१९९५ मध्ये रॉबर्ट बार आणि जॉन टॅग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका लेखात हा बदल नेमक्या शब्दांत मांडला. कॉलेज ही शिकवण्याची सोय करणारी संस्था आहे, की विद्यार्थी शिकतील याची जबाबदारी घेणारी, असा त्यांचा सवाल होता. पहिल्या प्रकारात तास झाला की काम झालं. दुसऱ्या प्रकारात मुलांना समजलं तरच काम झालं.

वर्गात नेमकं काय बदलतं?

अमेरिकेतल्या अध्यापन अभ्यासक मेरीएलन वाइमर यांनी २००२ साली आपल्या पुस्तकात पाच बदल सांगितले. या विषयावर बोलताना आजही त्यांचाच आधार घेतला जातो.

१. निर्णयांत वाटा: सगळं प्राध्यापकांनीच ठरवायचं असं राहत नाही. अभ्यासक्रम बदलता येत नसला, तरी असाइनमेंटचा विषय, सबमिशनची तारीख, प्रकल्पाचं स्वरूप यात विद्यार्थ्यांना पर्याय देता येतात.

२. मजकुराचं काम: धडा संपवण्यापुरता मजकूर शिकवायचा नाही. त्या मजकुराच्या निमित्ताने विचार करण्याची, वाचण्याची आणि युक्तिवाद करण्याची सवयही लावायची.

३. शिक्षकाची भूमिका: प्राध्यापक बोलतात कमी. प्रश्न रचणं, चुका ओळखणं आणि योग्य जागी हात देणं हे काम वाढतं.

४. शिकण्याची जबाबदारी: तासाला येण्यापूर्वी वाचून येणं, आपल्याला काय कळलं नाही हे ओळखणं, हे विद्यार्थ्याकडे जातं.

५. मूल्यमापन: परीक्षा फक्त गुण देण्यासाठी राहत नाही. चूक कुठे झाली हे कळावं आणि ती सुधारायची संधी मिळावी, यासाठीही ती वापरली जाते.

या पाचही ठिकाणी शिक्षकाचं महत्त्व टिकून राहतं. चांगला प्रश्न तयार करायला विषय जास्त खोलवर माहीत असावा लागतो.

हार्वर्डच्या प्राध्यापकाला बसलेला धक्का

एरिक माझूर हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत. विद्यार्थी त्यांच्यावर खूश होते, परीक्षेत अवघड गणितं सोडवत होते. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात एक संशोधन आलं. भौतिकशास्त्राचा कोर्स पूर्ण केल्यावरही बहुतेक विद्यार्थ्यांच्या बल आणि गतीविषयीच्या मूळ कल्पना जशाच्या तशा राहतात, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे असं नसणार या खात्रीने माझूर यांनी तसेच साधे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. उदाहरणार्थ, जड ट्रक आणि हलकी कार यांची टक्कर झाली, तर कोणावर जास्त बल लागतं?

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवरचं बल सारखंच असतं. हा नियम सगळ्यांना पाठ होता, तरी उत्तरं चुकली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की तुम्ही शिकवलं तसं उत्तर द्यायचं की मला खरंच वाटतं तसं? गणितं सोडवता येत होती, नियम म्हणता येत होता, पण जगाकडे पाहण्याची दृष्टी कोर्सच्या आधी होती तशीच राहिली होती.

यातून माझूर यांनी ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणजे सहाध्यायी अध्यापनाची पद्धत उभी केली. थोडा वेळ शिकवायचं. मग पर्याय असलेला एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील, तर वेगळं उत्तर देणारा शेजारी गाठून त्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तरं फारच कमी असतील, तर प्राध्यापक तो भाग पुन्हा समजावतात. बहुतेकांचं बरोबर असेल, तर पुढे जातात.

हे चालतं कसं? ज्याला एखादी गोष्ट आत्ताच समजली आहे, त्याला ती समजताना कुठे अडलं होतं हे ताजं आठवतं. वीस वर्षं तोच विषय शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी झालेली असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गावर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गटातल्या कोणालाच सुरुवातीला बरोबर उत्तर येत नसलं, तरी चर्चेनंतर मुलं त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न अधिक चांगला सोडवतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ती हुशार मुलाची कॉपी करत नव्हती.

कांद्याच्या भावातून अर्थशास्त्र

ही पद्धत भौतिकशास्त्रापुरती नाही. समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात द्वितीय वर्ष बी.ए.ला ‘मागणीची लवचिकता’ शिकवायची आहे. नेहमीच्या तासाला व्याख्या, सूत्र, पाच प्रकार आणि आकृत्या फळ्यावर येतात. विद्यार्थीकेंद्री तासाला सुरुवात प्रश्नाने होते:

‘यंदा सगळीकडेच कांदा अमाप पिकला. लासलगावच्या बाजारात भाव कोसळला. शेतकऱ्यांचं कांद्यापासूनचं एकूण उत्पन्न वाढेल, घटेल की तेवढंच राहील?’

दोन मिनिटं प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि हात वर करायचा. काही जण म्हणतील, माल जास्त म्हणजे पैसा जास्त. काही जण म्हणतील, भाव उतरला की लोक जास्त घेतील, त्यामुळे भरपाई होईल. ज्यांच्या घरी कांदा पिकतो, ते मान हलवतील. मग शेजाऱ्याशी चर्चा.

आता प्राध्यापक आकडे देतात. आधी १०० क्विंटल माल २,००० रुपये क्विंटलने गेला, म्हणजे २ लाख रुपये आले. आता १२० क्विंटल माल १,२०० रुपयांनी जातोय, म्हणजे १ लाख ४४ हजार. माल वाढूनही ५६ हजार कमी आले. का? कांदा निम्म्या भावात मिळाला, म्हणून घरात दुप्पट भाजी होत नाही. भाव खूप पडला तरी मागणी थोडीच वाढते. इथे ‘अलवचिक मागणी’ हा शब्द फळ्यावर येतो. तोपर्यंत तो शब्द कशासाठी लागतो, हे वर्गाला कळलेलं असतं.

पुढचा प्रश्न याहून चांगला आहे: ‘फक्त एकाच शेतकऱ्याचं पीक वाढलं आणि बाकीच्यांचं तेवढंच राहिलं तर?’ एकाच्या मालाने बाजारभाव हलत नाही, त्यामुळे त्याला फायदाच होतो. म्हणूनच प्रत्येक जण जास्त पिकवायला जातो आणि सगळे मिळून भाव पाडतात. अर्ध्या तासात व्याख्या, गणित आणि शेतीच्या अर्थकारणातला एक मोठा पेच वर्गाने स्वतः उलगडलेला असतो.

फरक पडतो, याचा पुरावा काय?

या विषयात नुसतीच मतं नाहीत, मोजमापंही झालेली आहेत.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ कोर्समधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या. कोर्सच्या आधी जे येत नव्हतं, त्यातलं किती नंतर आलं, हे त्यांनी मोजलं. फक्त लेक्चरच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी २३ टक्के होतं. विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या वर्गांत ते ४८ टक्के निघालं.

२०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. लेक्चरच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, सक्रिय सहभागाच्या वर्गात ते २१.८ टक्के होतं. शंभर मुलांच्या वर्गात याचा अर्थ जवळपास १२ मुलं नापास होण्यापासून वाचतात. ज्या घरात पोरगं पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलं आहे, तिथे एक केटी म्हणजे अनेकदा शिक्षणाचा शेवट असतो. त्या घरासाठी हा आकडा फार मोठा आहे.

२०२० च्या दुसऱ्या एका मोठ्या विश्लेषणाने हाच मुद्दा पुढे नेला. अमेरिकेतल्या गरीब आणि वंचित समाजातल्या विद्यार्थ्यांची परीक्षेतली पिछाडी सक्रिय पद्धतीच्या वर्गांत सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली, तर पास होण्याच्या प्रमाणातली दरी ४५ टक्क्यांनी. मात्र तासाचा बराचसा वेळ अशा कामाला दिला होता, तिथेच हा फरक ठळक दिसला. महिन्यातून एकदा गटचर्चा ठेवून तो मिळत नाही.

मग विद्यार्थीच कुरकुर का करतात?

अशा वर्गात सुरुवातीला ‘सर काही शिकवतच नाहीत’ ही तक्रार हमखास येते. तिचं कारणही तपासलं गेलं आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही भाग उत्तम लेक्चरने आणि काही भाग सक्रिय पद्धतीने शिकवला. चाचणीत सक्रिय पद्धतीचे गुण जास्त आले. पण ‘जास्त कुठे शिकलो?’ असं विचारल्यावर विद्यार्थ्यांचा कौल लेक्चरकडे गेला.

अस्खलित लेक्चर ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि त्या सोपेपणालाच आपण समजणं मानतो. यूट्यूबवर गणित सुटताना पाहिलं की आपल्यालाही आलं असं वाटतं, वही उघडल्यावर पहिली ओळ सुचत नाही, तसाच हा प्रकार आहे. स्वतः डोकं लावताना अडखळायला होतं, आपलं अज्ञान दिसतं, म्हणून कमी शिकल्यासारखं वाटतं. म्हणून ही पद्धत का वापरतोय, हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला उघडपणे सांगावं, असा सल्ला त्या अभ्यासकांनी दिला.

आपल्याकडे काय चाललंय?

नॅकच्या मूल्यांकनात अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन हा स्वतंत्र निकष आहे आणि त्यात विद्यार्थीकेंद्री पद्धतींची विचारणा होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० घोकंपट्टीऐवजी समजून शिकण्यावर भर देतं. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्याचा रुग्णाशी संबंध यावा, अशी तरतूद आहे.

वर्ग मोठा आहे म्हणून जमत नाही, या अडचणीवर मुंबईतच एक उत्तर सापडतं. आयआयटी मुंबईत संगणक प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ वापरून पाहिलं गेलं. आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर, असा हा क्रम. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात गुंतलेले आढळले.

पण आयआयटी आणि तालुक्याचं कॉलेज यांत अंतर आहे. अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. त्यांना मानधन तासाप्रमाणे मिळतं. चांगले प्रश्न तयार करायला आणि असाइनमेंट वाचून शेरे लिहायला लागणारा वेळ त्यात धरलेला नसतो. विद्यार्थ्यांपैकी अनेक जण एसटीने येतात, दुपारनंतर कामाला जातात, त्यामुळे ‘घरून वाचून या’ हे सगळ्यांना जमत नाही. विज्ञान आणि वाणिज्य शाखांत पुस्तकं इंग्रजीत आणि डोक्यातला विचार मराठीत, अशी ओढाताण असते. चर्चा मराठीत होऊ दिली, तर कधीच न बोलणारी मुलंही बोलू लागतात.

सगळ्यात मोठी अडचण प्रश्नपत्रिकेची. सत्राच्या शेवटी ‘टिपा लिहा’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ हेच येणार असेल, तर विद्यार्थी अपेक्षित प्रश्नांच्या गाईडकडेच वळणार. त्याला दोष देता येत नाही. वर्ग बदलला आणि पेपर तोच राहिला, तर पेपरच जिंकतो.

हे विद्यार्थीकेंद्री नव्हे

नावाखाली बरंच काही खपवलं जातं. प्राध्यापकांऐवजी विद्यार्थ्याने स्लाइड वाचून दाखवल्या, तर वाचणारा बदलला, ऐकणारे होते तसेच राहिले. पाच जणांच्या गटात एकाने प्रकल्प करायचा आणि बाकीच्यांनी नावं घालायची, यातून एकच जण शिकतो.

‘तुमचं तुम्ही शोधा’ म्हणून मोकळं सोडणंही धोक्याचं आहे. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये यावर गाजलेली टीका केली. विषयात नवख्या असलेल्या विद्यार्थ्याला पुरेसं मार्गदर्शन नसेल, तर त्याच्या स्मरणशक्तीवर ताण येतो आणि तो भरकटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून नव्या विषयाच्या सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणं आणि नेमकं स्पष्टीकरण लागतंच. हात धरून चालवायचं आणि जमेल तसा तो हळूहळू सोडायचा.

सुरुवात कुठून करता येते?

सगळा अभ्यासक्रम एका सत्रात बदलायची गरज नाही. पन्नास मिनिटांच्या तासात एक चांगला प्रश्न आणि पाच मिनिटांची जोडीने चर्चा, एवढंही पुरतं. क्लिकर यंत्र नसेल, तर अ, ब, क, ड लिहिलेली कार्डं किंवा वर केलेली बोटं चालतात. तास संपताना प्रत्येकाकडून एक निनावी चिठ्ठी घेता येते: आज काय कळलं आणि काय अडलं? त्यातल्या दहा चिठ्ठ्या वाचल्या, तरी उद्याची सुरुवात कुठून करायची ते समजतं. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत कॉलेजला थोडं स्वातंत्र्य असतं. तिथे पाठांतराऐवजी असे प्रश्न विचारता येतात.

विद्यार्थ्यालाही वाट पाहत बसायची गरज नाही. तास झाल्यावर वही बंद करून, आत्ता काय शिकलो ते तीन ओळींत लिहून पाहायचं, नाहीतर शेजारच्याला समजावून सांगायचं. जिथे अडखळायला होईल, तो प्रश्न दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना विचारायचा. परीक्षा चार महिन्यांवर असतानाच तो विचारला, तर सुधारायला वेळ हाताशी असतो.